दोन माणसांचं काम

माहितीपुस्तिकेच्या शेवटून दुसऱ्या पानावर एका चौकटीत तीन वाक्यं छापलेली होती. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने स्क्रीनवरचे आकडे पाहावेत. एकट्याने करू नये. दशांशरावांनी ती वाचली, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा वाचली. सात महिने ही पुस्तिका त्यांच्या उशाशी होती. पानापानावर ग्रीसचे अंगठे उमटले होते, मधली काही पानं शिवणीतून निघाली म्हणून त्यांनी ती दोऱ्याने टाचली होती. हे पान मात्र त्यांनी उघडलंच नव्हतं. आधीची पायरी पुरी झाल्याशिवाय पुढची वाचायची नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. त्या नेमाने त्यांना आजवर कधी दगा दिला नव्हता. आज सकाळी दहा वाजता, गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसलेले असताना, पहिल्यांदाच दिला.

नाव त्यांचं वेगळंच होतं, पण कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागल्यापासून तिसऱ्या महिन्यात कुणीतरी त्यांना दशांशराव म्हणालं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. चौतीस वर्षं त्यांनी दाब मोजणारी, ताप मोजणारी, वजन मोजणारी यंत्रं तपासली, आणि जी खरं बोलतात त्यांच्यावर सही करून हिरवी चिठ्ठी लावली. खोटं बोलणाऱ्यांना लाल. त्यांचं एक मत होतं आणि ते नव्या पोरांना ते हटकून ऐकवत. कायम दोन अंशांनी चुकणारं यंत्र परवडतं, दोन वजा करून वापरता येतं. पण कधी बरोबर आणि कधी चूक, असं जे वागतं ते सरळ भंगारात टाकावं. अशा यंत्राशी माणसाला राहता येत नाही. आणि असं एक यंत्र त्यांच्याच घरी, त्यांच्याच गाडीच्या बॉनेटखाली वीस वर्षं ठाण मांडून बसलेलं होतं. कार्ब्युरेटर. पेट्रोल आणि हवा अंदाजपंचे मिसळून इंजिनाला पाजणारं ते ओतीव भांडं. कुठल्या महिन्यात गाडी बारा किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज द्यायची, कुठल्या महिन्यात नऊ, आणि एकदा तर आठाला तीन दशांश कमी. त्यांनी त्याचे जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक तोंडं, बदलले, तरंगणारा गोळा बदलला, ते खोलून रॉकेलमध्ये बुडवून दाताच्या ब्रशने घासलं. पालथ्या घड्यावर पाणी. दोन वर्षांपूर्वी बायको गेली. तिच्या जाण्यावर काही इलाज नव्हता, कार्ब्युरेटरवर होता. वर्षभर घरात नुसतं बसून काढल्यावर एके दिवशी त्यांनी तो चार बोल्ट काढून उचलला आणि माळ्यावर टाकला. आता अंदाज बंद. आता काँप्युटर हवा मोजणार, तेवढ्याच मापाचं पेट्रोल इंजेक्टर फवारणार, आणि सायलेन्सरच्या नळीत बसवलेला सेन्सर धूर हुंगून सांगणार की मिश्रण बरोबर आहे की नाही.

हे सगळं त्यांनी त्या काँप्युटरबरोबर आलेली पुस्तिका वाचून एकट्याने केलं होतं. एका मोडीत निघालेल्या नव्या गाडीचे इंजेक्टर आणि त्यांचा सांगाडा आणला, तो जुन्या इंजिनावर बसेना म्हणून कानशीने घासघासून बसवला. टाकी उतरवली, उरलेलं पेट्रोल परत टाकीत नेणारी दुसरी नळी ओढली, जास्त दाबाचा पंप लावला. सायलेन्सरच्या नळीला सेन्सर घट्ट बसवायची आट्यांची बोंडी जोडायला तेवढा वेल्डर आला होता. पंधरा मिनिटांत काम आटोपून तो म्हणाला, "काका, एवढा खटाटोप कशाला? विका की ही गाडी." दशांशराव त्याला उत्तर देणार होते, चहा ठेवतो म्हणणार होते, पण तोवर त्याने टोपी चढवली होती. मग वायरिंग. डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून, तोंडात टॉर्च धरून, एकेक तार रंगाप्रमाणे ओवायची. तिथे त्यांना एक गंमत दिसली होती. वेगाच्या काट्यामागे गिअरबॉक्सकडून येणारी केबल एका गोल खाचेदार चकतीने अडकवलेली असते. आजूबाजूला सगळीकडे बोटभर धूळ, आणि ही चकती तेवढी लखलखीत, तिच्या खाचा झिजून गुळगुळीत झालेल्या. कंपनाने झिजली असेल, असं ते स्वतःशी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. अलीकडे ते गॅरेजमध्ये मोठ्याने बोलत. उत्तराची अपेक्षा नसली की बोलणं फार सोपं जातं.

इंजिन तीन दिवसांपूर्वी सुरू झालं होतं. काळा धूर ओकत, पेट्रोलच्या वासाने डोळ्यांत पाणी आणत, पण सुरू झालं होतं. त्या क्षणी ते टाळी वाजवल्यासारखे हात जवळ आणून तसेच उभे राहिले. कुणाला सांगायचं हे पटकन सुचेना. आता शेवटचं काम राहिलं होतं. लॅपटॉपमध्ये एक तक्ता होता, दोनशे छप्पन्न घरांचा. इंजिनाचा वेग अमुक आणि त्याच्यावरचा भार तमुक असेल तर पेट्रोल किती, हे एकेका घरात भरायचं. त्यासाठी गाडी रस्त्यावर न्यायची, वेग एकसारखा धरायचा, सेन्सरचा आकडा बघायचा आणि घर दुरुस्त करायचं. आकडा पावणेपंधराला अर्धा दशांश कमी आला की घर हिरवं होतं. आणि या कामाला दोन माणसं लागतात. दशांशरावांनी फोन काढला आणि त्यातली नावं बोटाने वर सरकवली. वेल्डर. स्पेअर पार्टवाला. दातांचा डॉक्टर. गॅसवाला. कारखान्यातले दोघे, त्यातला एक वारलेला. नाव पुसायला हवं, असं प्रत्येक वेळी त्यांच्या मनात यायचं आणि तसं केलं तर यादी आणखी आखूड होईल म्हणून ते राहायचं. शेजारी वरच्या मजल्यावर होता, पण बायको गेल्यापासून तो जिन्यात भेटला की नुसती मान हलवतो. बायकांचं येणं-जाणं असतं म्हणून पुरुषांची ओळख असते, हे त्यांना फार उशिरा कळलं. यादीच्या तळाशी मुलगी होती. ते तिथपर्यंत आले आणि त्यांनी फोन खिशात टाकला.

मुलगी याच शहरात राहायची, बसने अर्ध्या-पाऊण तासावर. रोज रात्री आठला तिचा फोन यायचा. जेवलात का? जेवलो. गोळी? घेतली. बरं, ठेवते. सरासरी एक्केचाळीस सेकंद. त्यांनी मुद्दाम मोजले नव्हते, फोनच सांगतो. रविवारी ती येऊन जायची, फ्रिज उघडून बघायची, बंद करायची. गॅरेजकडे ती फिरकत नसे, आणि त्याचं कारण दोघांनाही माहीत होतं. अठराव्या वर्षी त्यांनी तिला गाडी शिकवायला नेलं होतं. एकच दिवस. चाळीस म्हणजे चाळीस, बेचाळीस नाही, काट्याकडे बघ, काट्याकडे बघ, असं ते सारखं सांगत होते, आणि काट्याकडे बघता बघता चढावरच्या चौकात तिने गाडी बंद पाडली. मागे हॉर्नचा कल्लोळ. तिने तीनदा किल्ली फिरवली. मग त्यांनी हँडब्रेक ओढला, खाली उतरले, सगळ्या रहदारीसमोर तिला जागेवरून उठवलं आणि म्हणाले, "तुझ्या हाताला जजमेंट नाही. हे तुझं काम नव्हे." रागावून नाही, साध्या आवाजात म्हणाले. लाल चिठ्ठी लावावी तसं. घरी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. त्यानंतर ती स्टिअरिंगला शिवली नाही, असं ते धरून चालले होते.

तेव्हा त्यांनी दुपारी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. पुस्तिकेला काय कळतंय, असं म्हणत लॅपटॉप शेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधला आणि गाडी गल्लीबाहेर काढली. एक डोळा रस्त्यावर, एक स्क्रीनवर. दुसऱ्याच वळणावर आकडा तेराखाली घसरला, ते नीट बघायला वाकले, आणि गाडीने कोपऱ्यावरची कचराकुंडी आडवी केली. मोठा आवाज झाला. ते घाबरून खाली उतरले आणि आता लोक जमतील, काय काका, बघून चालवा, असं म्हणतील म्हणून उभे राहिले. कुणीच आलं नाही. एका खिडकीचा पडदा हलला आणि पुन्हा सरळ झाला. त्यांनी कुंडी एकट्याने उभी केली, सांडलेलं हाताने भरलं, आणि तिथेच फुटपाथच्या कडेला बसून मुलीला फोन लावला. एवढंच, एका माणसाने तास-दीड तास शेजारी बसावं. याहून जास्त त्यांना काही नको होतं, आणि ती नाही म्हणाली तर दुसरं कुणी उरत नव्हतं.

"काय झालं?" पहिल्याच रिंगला तिने उचलला. "छातीत दुखतंय का?"

"बरा आहे मी. तुला शनिवारी वेळ आहे का? दीड तास."

"कशाला?"

"गाडीचं काम आहे. दोन माणसं लागतात असं लिहिलंय. पुस्तिकेत." पुस्तिकेवर त्यांनी उगाच जोर दिला. आपण बोलावत नाही, पुस्तिका बोलावते आहे.

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. एक्केचाळीस सेकंद होऊन गेले असावेत. "येते," ती म्हणाली. "पण चारला निघेन."

शनिवारी ती दोनला आली. सपाट बुटांत, केस घट्ट बांधून. दशांशरावांनी मनाशी ठरवलं होतं की आपण चालवायचं आणि तिने आकडे मोठ्याने वाचायचे. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. तिने लॅपटॉपवर नजर टाकली आणि म्हणाली, "यातलं मला ओ की ठो कळत नाही. हे तुम्ही बघा. किल्ली द्या." त्यांच्या तोंडाशी बरंच काही आलं. पण शनिवार हातचा जाईल या भीतीने त्यांनी ते गिळलं आणि किल्ली दिली. ती बसली आणि सीट पुढे ओढायला तिने खाली हात घातला. त्या सीटचा खटका मुलखाचा आडमुठा. आधी आत दाबायचा, मग वर, आणि त्याच वेळी अंगाने झोका द्यायचा. नवख्या माणसाला सापडायला दहा मिनिटं लागतात. तिने खाली बघितलंही नाही. खट्ट झालं आणि सीट पुढे आली. दशांशरावांनी ते पाहिलं, आणि शेजारी बसून लॅपटॉप मांडीवर घेतला.

गावाबाहेर गोदामांच्या मागून तलावाकडे जाणारा सरळ रस्ता होता. तिथे कसं जायचं हे त्यांनी सांगायच्या आतच गाडी वळली. "इंजिन तीन हजारावर धर," ते म्हणाले, आणि लगेच, "थोडं वर. आणखी थोडं. बस." स्क्रीनवर वेगाची रेघ चढली आणि पट्टीने आखल्यासारखी सरळ झाली. पाच सेकंद, दहा, वीस. प्रयोगशाळेत यंत्राला शिकंज्यात आवळूनही अशी रेघ मिळत नसे. घर हिरवं झालं. शेजारचं झालं. ती काट्याकडे एकदाही बघत नव्हती. मान किंचित कलती करून इंजिनाचा आवाज ऐकत होती, आणि आवाज जड झाला की तिचा पाय आपोआप जेवढ्यास तेवढा खाली जात होता.

"ऑफिसात शिकलीस का?" त्यांनी शेवटी विचारलं. विहिरींची मोजणी करणाऱ्या खात्यात ती होती, तिथे जीप असते हे त्यांना ठाऊक होतं.

"ऑफिसची जीप मीच चालवते. सात वर्षं झाली." मग ती म्हणाली, "शिकवलं आईने."

"कुठल्या गाडीवर?"

"आपल्याकडे किती गाड्या होत्या, बाबा?"

त्यांनी पुढचं घर निवडलं. त्यांना ते दिसत नव्हतं. "कधी?"

"तुम्ही मला चौकात उतरवलंत ना, त्याच आठवड्यात सुरू केलं. दर बुधवारी दुपारी. तुम्ही कारखान्याच्या बसने जायचात, गाडी घरीच असायची. मग मी दोन वर्षं शिकायला बाहेर गेले. परत आल्यावर ऑफिसची सुट्टी मी मुद्दाम बुधवारची मागून घेतली."

"किलोमीटर वाढलेले मला दिसले असते," दशांशराव म्हणाले. त्या सगळ्यातून त्यांना पहिल्यांदा हेच सुचलं, आणि ते ऐकून ती हसली.

"आई केबल काढून ठेवायची. काट्यामागे हात घालून एक चकती फिरवली की सुटते. येताना परत लावायची. मग काटा सगळा वेळ शून्यावर, किलोमीटरही पुढे सरकायचे नाहीत. म्हणायची, त्या मेल्याकडे बघूच नकोस, रस्त्याकडे बघ, आवाज ऐक. पेट्रोलचं मात्र तिला कधी जमलं नाही. परत भरायची थोडंफार, पण अंदाज चुकायचा."

दशांशरावांच्या डोक्यात मग सगळं धडाधड जागेवर पडायला लागलं, आणि त्यांना ते थांबवता येईना. बाराचे नऊ, नवाचे आठ. मायलेकींची पंधरा वर्षांची अळीमिळी गुपचिळी, आणि ते जेट बदलत बसलेले. मुलगी बाहेरगावी होती ती दोन वर्षं अ‍ॅव्हरेज बारावर राहिलं, तेव्हा त्यांनी ते श्रेय नव्या जेटला दिलं होतं, प्रयोगशाळेत सगळ्यांना चहा पाजला होता, बायकोला कागदावर आकृती काढून समजावलं होतं की बघ, इथे दोष होता. आणि ती आकृती नीट वाकून बघत होती, प्रश्नसुद्धा विचारत होती! चोर सोडून संन्याशाला फाशी. तो कार्ब्युरेटर वीस वर्षं अक्षरशः खरं बोलत होता. जेवढं पेट्रोल प्यायला तेवढंच सांगत होता. खोटं बोलत होता तो किलोमीटरचा काटा, ज्याच्यावर त्यांनी कधी शंकाही घेतली नव्हती. त्यांना संताप आला. संताप कुणावर काढावा म्हणून त्यांनी शेजारी पाहिलं, तर मुलगी शांतपणे रस्त्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर बायकोचं काहीतरी होतं. ते कधी त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

"कुठे जायचात?"

"कुठेच नाही. या रस्त्याच्या टोकाला, तलावापर्यंत. मग गाडी वळवायची. कधी तिथे नुसतं बसून राहायचो. ती पाय वर घेऊन बसायची, सीटवर."

पाय वर घेऊन. घरात ती खुर्चीत पाय जोडून बसायची. छत्तीस वर्षांत त्यांनी तिला पाय वर घेऊन बसलेलं पाहिलं नव्हतं, की पाहिलं होतं आणि लक्षात राहिलं नव्हतं? "काय बोलायची?" त्यांनी विचारलं, आणि मग जे खरं विचारायचं होतं ते. "माझ्याबद्दल काय म्हणायची?"

मुलीने विचार केला. ती खोटं बोलणारी नव्हती, यातही ती त्यांचीच होती. "तुमचा विषय नसायचा," ती म्हणाली.

गाडी चालत राहिली. दशांशराव स्क्रीनकडे बघत राहिले. आपण एकटे झालो ते दोन वर्षांपूर्वी, दवाखान्यातून रिकाम्या घरी परतलो त्या सकाळी, असं ते आजवर मानत होते. तारीखच चुकली होती. ते कारखान्यातून येत, हातपाय धूत, टेबलाशी बसत, ती वाढत असे, मुलगी अभ्यास करत असे, आणि दोघींच्या अंगाला अजून या रस्त्याचा वारा असे. तेव्हाही ते एकटेच होते, फक्त त्यांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना एक संध्याकाळ आठवली. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी कार्ब्युरेटर खोलला होता आणि एक बारीक भोक दाखवत म्हणाले होते, "सापडला. हा बघ चोर." बायकोला हसू फुटलं होतं. तोंडावर पदर धरूनही ते थांबेना, ती आतल्या खोलीत निघून गेली, तिथूनही ऐकू येत होतं. ते चिडले होते. आता त्यांना वाटलं, त्या वेळी उठून तिच्या मागे गेलो असतो तर? दारात उभं राहून नुसतं विचारलं असतं, काय गं, काय झालं? तिने सांगितलं असतं. त्या हसण्याच्या भरात नक्की सांगितलं असतं. ते उठले नव्हते. त्यांनी भोक साफ केलं होतं.

"मला का नाही सांगितलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही मोजलं असतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात काटा नव्हता. "किती वाजता निघालात, किती गेलात, किती पेट्रोल लागलं, वळताना गिअर कुठला होता. आणि तुमचं बरोबरच असतं, बाबा. पण मग आम्ही गेलोच नसतो." मग ती म्हणाली, "तुम्ही रिटायर झालात तेव्हा ते बंद पडलं. तिला त्याचं वाईट वाटायचं. बोलली नाही कधी."

त्यानंतर सहा महिन्यांनी बायको आजारी पडली होती. दशांशरावांनी ती वजाबाकी केली आणि ती कुठेच लिहून ठेवता येण्यासारखी नव्हती. ते म्हणाले, "दोन हजार." मुलीने इंजिनाचा आवाज खाली आणला. "आता पाय सोड." तिने सोडला. तलावापर्यंत गेले, वळले, आले, पुन्हा गेले. घरं एकामागून एक हिरवी होत गेली. दोघंही त्यानंतर कामापुरतंच बोलले, आणि तरी गेल्या पंधरा वर्षांत ते एकमेकांशी एवढं बोलले नव्हते. दुसरा गिअर. सोड. धर. छान. 'छान' हा शब्द त्यांच्या तोंडून आपोआप गेला आणि तिने चटकन त्यांच्याकडे पाहिलं, मग पुन्हा रस्त्याकडे.

पावणेचारला तक्ता पुरा झाला. तलावाच्या बाजूला गाडी उभी होती, इंजिन नुसतं गुणगुणत होतं, ना धूर ना वास. दशांशरावांनी पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत बोट फिरवलं. दोनशे छप्पन्नच्या दोनशे छप्पन्न हिरवी. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून इतकं चोख काम एकदाही झालं नव्हतं. यानंतर ती त्यांना घरी सोडेल, फ्रिज उघडून बघेल, बसस्टॉपवर जाईल. रात्री आठला फोन येईल. जेवलात का?

"झालं का?" तिने घड्याळ बघत विचारलं.

"नाही," दशांशराव म्हणाले. आपला आवाज त्यांना दुसऱ्याच कुणाचा वाटला. उभ्या हयातीत त्यांनी कुठल्या आकड्याबद्दल खोटं सांगितलं नव्हतं, आणि आता सुरू केल्यावर त्यांना ते कसं पुरं करायचं ते कळेना. "म्हणजे, झालंय तसं. पण एक घर हलतंय अजून. खालचं. आणखी एक फेरी मारावी लागेल. कदाचित दोन. आज नाही तर, बुधवारी वगैरे. तुला सुट्टी असेल तर."

ती वाकली आणि तिने लॅपटॉपची स्क्रीन आपल्याकडे वळवली. त्यांनी ती वळू दिली. ती बराच वेळ बघत राहिली. विहिरींचे नकाशे वाचणारी मुलगी होती, हिरवं म्हणजे काय हे तिला सांगावं लागत नव्हतं. खालचं घर, वरचं घर, सगळी घरं एका रंगाची होती, आणि त्यांच्या डोक्यावरचा आकडा तसूभरही हलत नव्हता. दशांशराव चष्मा काढून तो सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले, आणि पुसतच राहिले.

"हलतंय खरं," ती म्हणाली, आणि तिने पहिला गिअर टाकला.